दख्खनच्या भूरूपांची घडण : विदारण, झीज आणि संचयन यांचा परस्परसंबंध

सारांश

विदारण, झीज व संचयन या बाह्य प्रक्रियांचा अभ्यास भूगोलाच्या पाठ्यक्रमात बहुधा स्वतंत्र प्रकरणांतून केला जातो. प्रत्यक्ष भूमीवर मात्र त्या एकाच वेळी, एकाच उतारावर कार्यरत असतात आणि त्यांच्या परस्पर वेगांच्या प्रमाणावर भूरूपाचे स्वरूप ठरते. प्रस्तुत लेखात दख्खनच्या बेसाल्ट प्रदेशातील उदाहरणांच्या आधारे हा संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. सह्याद्रीचे कडे, सडे व पठारांवरील जांभा, नदीखोऱ्यांतील काळी मृदा, कोकणच्या पुळणी आणि गोदावरीचा त्रिभुज प्रदेश ही भूरूपे एकाच साखळीचे दुवे आहेत. धरणे, वाळूउपसा आणि उतारांवरील खोदकाम यांमुळे या साखळीचा तोल कसा ढळतो याचाही येथे विचार केला आहे.

मुख्य संज्ञा : बेसाल्ट, विदारण, मुरूम, जांभा, विस्तृत झीज, संचयन, मृदाधूप.

१. प्रस्तावना

भूपृष्ठाचे आजचे रूप दोन प्रकारच्या शक्तींतून सिद्ध झाले आहे. पृथ्वीच्या अंतरंगातील शक्ती भूमी उचलतात, वाकवतात, तिच्यावर नवा खडक पसरवतात. तर सूर्याची उष्णता, पाऊस, वाहते पाणी, वारा, समुद्राच्या लाटा आणि सजीव त्या उंचावलेल्या भूमीला सतत खाली आणतात. या दुसऱ्या प्रकारच्या कार्याचे तीन भाग मानले जातात. खडक जागच्या जागी फुटणे, कुजणे वा विरघळणे म्हणजे विदारण. सुटा झालेला पदार्थ जागेवरून हलणे व वाहून जाणे म्हणजे झीज व वहन. वाहक शक्ती मंदावल्यावर तो पदार्थ साचणे म्हणजे संचयन.

या व्याख्या सर्वपरिचित आहेत. परंतु त्यांच्यातील संबंधाकडे अध्यापनात पुरेसे लक्ष जात नाही. अमेरिकन भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८७७ मध्ये हेन्री पर्वताच्या अभ्यासात एक मूलभूत विचार मांडला होता. सुटा पदार्थ तयार होण्याचा वेग आणि तो वाहून नेला जाण्याचा वेग यांपैकी जो कमी असेल तो उताराचे स्वरूप ठरवतो, हे त्या विचाराचे सार होय. विदारणापेक्षा वहन अधिक वेगवान असेल तर खडक उघडा पडतो. वहनापेक्षा विदारण अधिक असेल तर उतारावर सुट्या पदार्थाचा जाड थर साचतो. विल्यम मॉरिस डेव्हिस यांनी १८९९ मध्ये मांडलेल्या क्षरणचक्राच्या कल्पनेने पुढे अध्यापनावर मोठा प्रभाव टाकला आणि युवा, प्रौढ व वृद्ध या अवस्थांची भाषा रूढ झाली. त्या ओघात गिल्बर्ट यांचा वेगांचा तोल काहीसा मागे पडला. महाराष्ट्राची भूमी समजून घेण्यास मात्र हाच तोल अधिक उपयुक्त ठरतो.

२. मूळ खडकाची रचना

महाराष्ट्राचे सुमारे ८० टक्के क्षेत्र बेसाल्ट खडकाने व्यापलेले आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून झालेल्या लाव्ह्याच्या उद्रेकांतून हा खडक थरावर थर साचत गेला. आज शिल्लक असलेले दख्खन ट्रॅपचे क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर असून, मूळ विस्तार याहून बराच मोठा होता. जे नाहीसे झाले ते झिजेने नेले. पश्चिमेकडे या थरांची एकत्रित जाडी सुमारे २००० मीटरपर्यंत पोहोचते. 'ट्रॅप' ही संज्ञा जिन्याच्या पायरीचा अर्थ असलेल्या स्वीडिश शब्दावरून आलेली आहे. घाटातील डोंगरांकडे पाहता तिची यथार्थता पटते.

हे थर एकसारखे नाहीत, ही बाब भूरूपांच्या दृष्टीने निर्णायक आहे. काही थरांचा मधला भाग घट्ट व कठीण असतो. वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिलेल्या असतात. त्यांत पुढे झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारगोटी जातीची खनिजे भरली गेली. असा सच्छिद्र भाग लवकर कुजतो. लाव्हा थंड होताना आकसल्यामुळे त्यात सांधे पडतात. मुंबईतील अंधेरी येथील गिल्बर्ट टेकडीचे उभे स्तंभ हे त्याचे ठळक उदाहरण होय. दोन लाव्हाथरांच्या मध्ये अनेक ठिकाणी लाल मातीचा पट्टा दिसतो. एक उद्रेक संपून दुसरा होईपर्यंतच्या काळात उघड्या पृष्ठभागाचे जे विदारण झाले, त्याचे हे अवशेष मानले जातात. म्हणजे दख्खनची उभारणी चालू असतानाच तिची मोडतोडही सुरू झालेली होती.

३. विदारण : पाषाणापासून मुरमापर्यंत

विदारणाचे कायिक, रासायनिक व जैविक असे तीन प्रकार सांगितले जातात. कायिक विदारणात दिवसा तापणे व रात्री थंड होणे यावर पाठ्यपुस्तकांत मोठा भर असतो. डेव्हिड ग्रिग्ज यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात लक्षात घेण्यासारखा आहे. त्यांनी ग्रॅनाइटचा तुकडा सुमारे ८९,४०० वेळा तापवून थंड केला. हे प्रमाण सुमारे २४४ वर्षांतील दैनंदिन तापमानबदलांइतके होते. कोरड्या हवेत खडकावर लक्षणीय परिणाम दिसला नाही. पाण्याच्या फवाऱ्याने थंड केल्यावर मात्र त्याहून कितीतरी कमी आवर्तनांत खडकाला भेगा पडल्या. यावरून पाण्याशिवाय केवळ उष्णतेचे कार्य मर्यादित राहते, हे ध्यानात येते. सोलापूर किंवा मराठवाड्याच्या उघड्या माळावरचा खडक फुटतो, तो उन्हाळ्याची तीव्र उष्णता, सांध्यांत मुरलेला पावसाळ्यातील ओलावा आणि झाडाझुडपांची मुळे यांच्या एकत्रित परिणामाने.

बेसाल्टच्या बाबतीत रासायनिक विदारण अधिक प्रभावी आहे. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य कार्बनिक आम्ल बनते. बेसाल्टमधील प्लॅजिओक्लेज फेल्स्पार, पायरॉक्सीन व ऑलिव्हिन ही खनिजे या आम्लापुढे फार काळ टिकत नाहीत. त्यांतील कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम विरघळून भूजलात व नदीत जातात, लोहाचा प्राणवायूशी संयोग होऊन तांबूस वा पिवळसर छटा येते आणि उरलेल्या द्रव्यातून चिकणखनिजे बनतात. ग्रॅनाइटमधील गारेचे कण या क्रियेत टिकून राहतात व त्यांची वाळू होते. बेसाल्टमध्ये मूळची गार जवळजवळ नसल्याने त्याच्या पूर्ण कुजण्यातून वाळूऐवजी प्रामुख्याने चिकणमाती निर्माण होते. या एका फरकाचे परिणाम पुढे नदीपात्रापासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत दिसतात.

सांध्यांनी वेढलेल्या ठोकळ्यावर पाणी सर्व बाजूंनी कार्य करते. कोपऱ्यांवर ते तीन बाजूंनी, तर कडांवर दोन बाजूंनी पोहोचते. त्यामुळे कोपरे आधी कुजतात आणि ठोकळा हळूहळू गोल होतो. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकावर एक सुटणारी आवरणे आणि मध्यभागी शिल्लक राहिलेला कठीण गोटा हे दृश्य घाटरस्त्यांच्या कापलेल्या बाजूंत सर्वत्र आढळते.

विहीर खोदताना या साऱ्या क्रियेचा उभा छेद दिसतो. वर माती, तिच्याखाली मऊ मुरूम, मग कठीण मुरूम आणि तळाशी काळा पाषाण असा क्रम विहीर खोदणाऱ्यांना परंपरेने ठाऊक असतो. मुरूम म्हणजे अर्धवट विदारित बेसाल्ट होय. त्याची जाडी हा विदारण आणि झीज यांच्यातील हिशोबाचा प्रत्यक्ष पुरावा आहे. जेथे मुरूम जाड, तेथे विदारण झिजेच्या पुढे राहिले आहे. जेथे पायाखाली थेट पाषाण लागतो, तेथे झिजेने आघाडी घेतली आहे. बेसाल्ट प्रदेशातील विहिरींचे पाणी पुष्कळ अंशी याच मुरमाच्या व भेगाळ खडकाच्या थरात साठत असल्यामुळे हा प्रश्न केवळ भूरूपशास्त्राचा राहत नाही.

४. एकाच खडकाची दोन रूपे : जांभा आणि काळी मृदा

सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील माण तालुक्यात तो सुमारे ५०० मिलिमीटरपर्यंत घटतो. मूळ खडक दोन्हीकडे बेसाल्टच. पण पाण्याचे प्रमाण बदलल्यामुळे विदारणाचे फलित पूर्णतः भिन्न झाले.

भरपूर पाऊस, उष्ण हवा आणि पाण्याचा चांगला निचरा असेल तर विरघळणारी द्रव्येच नव्हे तर सिलिकाही धुऊन जाते. मागे लोह व अॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे राहतात आणि जांभा तयार होतो. या खडकाला शास्त्रीय नाव देणारे फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये केरळमधील अंगडीपुरम परिसरातील निरीक्षणांवरून, विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दाच्या आधारे 'लॅटेराइट' ही संज्ञा रूढ केली. कोकणात घरांसाठी कापले जाणारे चिरे हेच त्याचे रूप. खाणीत तुलनेने मऊ असलेला जांभा हवेत उघडा पडून कोरडा झाल्यावर कठीण होतो. जेथे अॅल्युमिनियमचे प्रमाण अधिक, तेथे बॉक्साइट मिळते. कोल्हापूर व रत्नागिरी जिल्ह्यांतील साठे असेच निर्माण झाले.

येथे विदारण आणि झीज यांचे नेहमीचे नाते उलटे होते. सामान्यतः विदारणाने खडक दुबळा होऊन झिजेस सोपा होतो. जांभ्याच्या बाबतीत विदारणाचे फलितच कठीण कवच बनून खालच्या भूमीचे रक्षण करते. पाचगणीचे टेबल लँड, कासचे पठार, पन्हाळ्याजवळचे मसाई पठार ही सपाट माथ्याची भूरूपे या कवचामुळे टिकली. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सडेही त्याच जातीचे. ज्यांवर प्राचीन मानवाने कातळशिल्पे कोरली ते पृष्ठभाग हेच. कवचाखाली मात्र अनेकदा मऊ, पाण्याने सहज फुगणारी व घसरणारी चिकणमाती असते. कडेने ती निसटली की वरचे कवच आधार गमावून ठोकळ्यांच्या रूपाने तुटते आणि पठार कडेकडेने आक्रसत जाते.

कमी पावसाच्या पूर्वेकडील प्रदेशात विरघळलेली द्रव्ये पूर्णपणे धुऊन जात नाहीत. तेथे माँटमोरिलोनाइट गटातील चिकणखनिजे तयार होतात. ती पाणी शोषून फुगतात व सुकताना आकसतात. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या रुंद भेगा हे त्याचे लक्षण. वरची सुटी माती या भेगांत पडते, पावसाळ्यात जमीन फुगते आणि मातीची आपोआप उलथापालथ होते. खडकातून सुटलेले कॅल्शियम दूर न जाता जमिनीतच चुनखडीच्या खड्यांच्या रूपाने साचते. पूर्वी बांधकामाचा चुना भाजण्यासाठी हे खडे वापरले जात. म्हणजे कोकणच्या सड्यावर ज्या मूलद्रव्यांचा तुटवडा, तीच पूर्वेच्या रानात शिल्लक राहिली आहेत. दोन प्रदेशांच्या शेतीतील भेदाचे एक मूळ या रासायनिक हिशोबात आहे.

बेसाल्टच्या विदारणाला जागतिक महत्त्वही आहे. या क्रियेत हवेतील कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेटच्या रूपाने पाण्यात बांधला जातो व अखेर समुद्रात जातो. भूखंडांच्या पाच टक्क्यांहून कमी क्षेत्र व्यापणारे बेसाल्ट खडक सिलिकेट खडकांच्या विदारणाने शोषल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ३० टक्के वाटा उचलतात, असा अंदाज या शतकाच्या प्रारंभी मांडण्यात आला. पृथ्वीच्या दीर्घकालीन हवामानात दख्खनसारख्या प्रदेशांचे स्थान त्यामुळे महत्त्वाचे ठरते.

५. झीज : कडे, पायऱ्या आणि रांजणखळगे

थरांच्या असमान कठीणपणामुळे दख्खनच्या डोंगरांना पायऱ्यांचे रूप आले. घट्ट थर कड्यांच्या रूपाने उभे राहतात. सच्छिद्र थर आणि लाल मातीचे पट्टे लवकर झिजून त्यांच्या जागी सौम्य उतार व सपाट्या तयार होतात. खालचा मऊ थर मागे सरकला की वरचा कठीण थर अधांतरी राहतो आणि सांध्यांवर तुटून पडतो. कडा मागे जातो, पण उभाच राहतो. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड यांसारख्या दुर्गांना निसर्गतः लाभलेले संरक्षण या प्रक्रियेचे देणे आहे. सपाटीवर माची आणि कड्यांनी वेढलेल्या माथ्यावर बालेकिल्ला, अशी दुर्गरचना या भूरूपाला अनुसरूनच झाली.

सह्याद्रीचा पश्चिमेकडील महाकडा हा झिजेच्या असमतोलाचा सर्वांत मोठा नमुना होय. कोकणात उतरणाऱ्या नद्यांना अल्प अंतरात शेकडो मीटर खाली यावे लागते; त्यांचा उतार तीव्र, पाऊस भरपूर, म्हणून खननशक्ती अधिक. पूर्ववाहिनी नद्यांचा उतार अत्यंत मंद. महाबळेश्वर येथे उगम पावणारी कृष्णा अरबी समुद्रापासून अवघ्या ६५ किलोमीटरच्या आसपास असूनही सुमारे १४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमवाहिनी नद्या शीर्षाकडील झिजेने माथ्याला मागे ढकलत असल्याने जलविभाजक पूर्वेकडे सरकत राहतो.

नदीपात्रातील खननाचे बोलके उदाहरण पारनेर तालुक्यातील निघोज येथे कुकडी नदीत आढळते. पात्रातील बेसाल्टच्या भेगांत व खोलगट जागी अडकलेले दगडगोटे पुराच्या भोवऱ्यात फिरत राहतात आणि खडकाला घासून रांजणाच्या आकाराचे खड्डे पाडतात. शेजारशेजारचे खळगे एकमेकांत मिसळले की पात्र खोल होते. येथे झीज करण्याचे साधन म्हणजे वरच्या भागात विदारणाने सुटलेले दगडच होत.

वहनाच्या बाबतीत फिलिप युलस्ट्रॉम यांनी १९३५ मध्ये मांडलेला आलेख मार्गदर्शक आहे. मध्यम आकाराची वाळू हलवण्यास तुलनेने सर्वांत कमी वेग लागतो. मोठ्या गोट्यांना अधिक वेग लागतोच, परंतु एकदा चिकटून बसलेल्या सूक्ष्म चिकणमातीलाही उचलण्यास अधिक वेग लागतो. मात्र पाण्यात एकदा मिसळलेली ही माती फार मंद प्रवाहातही तरंगत राहते. नांगरलेल्या काळ्या रानावर पडणारा वळवाचा पाऊस म्हणूनच घातक ठरतो. ढेकळे फोडून कण सुटे करण्याचे काम थेंबांचा मारा करतो आणि त्यानंतर ओढ्याचे गढूळ पाणी ती माती धरणापर्यंत सहज नेते.

६. विस्तृत झीज : साचलेल्या थराचा धोका

विदारित पदार्थ गुरुत्वाकर्षणामुळे एकदम वा हळूहळू खाली सरकणे म्हणजे विस्तृत झीज. गिल्बर्ट यांच्या विचाराचा व्यावहारिक अर्थ येथे सर्वाधिक स्पष्ट होतो. सह्याद्रीच्या अतिपावसाच्या पट्ट्यात विदारण जलद असते आणि दाट झाडी माती धरून ठेवते. त्यामुळे तीव्र उतारावरही माती व मुरमाचा जाड थर साचतो. हा थर कठीण, पाणी न झिरपू देणाऱ्या पाषाणावर टेकलेला असतो. सलग अतिवृष्टीत तो पाण्याने भरतो, त्याचे वजन वाढते, कणांमधील पाण्याच्या दाबामुळे घर्षण घटते आणि संपूर्ण थर पाषाणावरून निसटतो.

पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळून सुमारे दीडशे लोक मृत्युमुखी पडले. रायगड जिल्ह्यातील तळीये येथे २२ जुलै २०२१ रोजी ऐंशीहून अधिक बळी गेले. त्याच जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि त्याहून अधिक लोक बेपत्ता राहिले. तिन्ही घटना जुलै महिन्यातील मुसळधार पावसात घडल्या. प्रत्येक ठिकाणची स्थानिक कारणे वेगळी असली तरी जाड विदारित थर, तीव्र उतार आणि पाण्याने संपृक्त झालेली माती ही पार्श्वभूमी समान होती. उताराचा पायथा रस्त्यासाठी वा घरासाठी कापणे, नैसर्गिक नाले बुजवणे, उतारावर सपाटीकरण करणे यांमुळे अशा थराचा आधार आणखी कमी होतो. हिरवागार, मातीने झाकलेला उतार नजरेला सुरक्षित वाटतो, उघडा कडा भयावह वाटतो. दरडीच्या धोक्याचा विचार करताना हा समज तपासून पाहणे आवश्यक आहे.

७. संचयन : वाहून नेलेल्या भूमीचे नवे रूप

वाहता प्रवाह मंदावला की प्रथम गोटे, नंतर वाळू आणि शेवटी गाळ खाली बसतो. डोंगराच्या पायथ्याशी दगडमातीचे ढीग, नदीकाठी पूरमैदाने, मुखाशी त्रिभुज प्रदेश वा वाळूचे दांडे ही संचयनाची रूपे होत.

गोदावरी, प्रवरा, भीमा यांच्या वरच्या खोऱ्यांत बेसाल्टवर गाळाचे थर आहेत. प्रवरेच्या काठी नेवासे येथे १९५० च्या दशकात हसमुख सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या संशोधनात नदीच्या गोट्यांच्या थरांतून अश्मयुगीन हत्यारे मिळाली. नदीने साचवलेला थर असा मानवाच्या इतिहासाचा संग्राहक बनतो. त्याच प्रवरेकाठी आज जुना गाळ ओघळींनी कापला जाऊन घळींचा प्रदेश तयार झालेला दिसतो. एका काळी संचयनाची असलेली जागा दुसऱ्या काळात झिजेची होते, याचे हे उदाहरण. विदर्भातील पूर्णा नदीच्या खोऱ्यात गाळाची जाडी शेकडो मीटर आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्टा याच गाळाच्या प्रदेशात मोडतो.

मूळ खडक कोणता यावर वाळूचे स्वरूप अवलंबून असते. वैनगंगेच्या खोऱ्यातील प्राचीन ग्रॅनाइटी व रूपांतरित खडकांमुळे तेथील वाळू गारयुक्त व टिकाऊ असते. कोकणच्या उत्तर भागातील अलिबागसारख्या पुळणी बेसाल्टमुळे काळपट, तर मालवण–वेंगुर्ल्याकडील पुळणी उजळ आहेत. कारण सिंधुदुर्गात बेसाल्टखालचे अधिक प्राचीन, गारयुक्त खडक उघडे पडले आहेत. रत्नागिरी किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट हे जड व टिकाऊ खनिज सापडते. विदारणात इतर खनिजे नष्ट झाली, हे उरले आणि लाटांनी त्याला हलक्या कणांपासून वेगळे केले.

मालवणजवळ कर्ली नदीच्या मुखाशी असलेला देवबागचा वाळूचा दांडा संचयनाच्या अस्थिर तोलाचे उदाहरण आहे. एका बाजूस नदी व दुसऱ्या बाजूस समुद्र असलेल्या या चिंचोळ्या पट्टीवर वस्ती असून, तेथे किनाऱ्याच्या झिजेचा प्रश्न गंभीर आहे. हरिहरेश्वर येथे याउलट लाटांनी खडक कापून केलेला मंच व जाळीदार पोखरण पाहावयास मिळते. एकाच किनाऱ्यावर भूशिरे झिजतात आणि त्यांच्यामधील उपसागरांत पुळणी साचतात.

८. मानवी हस्तक्षेप आणि ढळलेला तोल

मनुष्याने या तिन्ही प्रक्रियांचा उपयोग फार पूर्वीपासून केला आहे. सह्याद्रीतील शेतकऱ्यांनी उतारावर ताली घालून वाहती माती अडवली आणि भाताची खाचरे तयार केली. कोकण व गोव्यातील खाजण जमिनी बांध घालून खाडीच्या गाळातून मिळवल्या. दुष्काळी भागात १९३३ पासून सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, १९४२ मध्ये तत्कालीन मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर बांधबंदिस्तीची कामे मोठ्या प्रमाणावर झाली. या साऱ्यांचा हेतू झिजेचा वेग विदारणाच्या वेगाजवळ आणणे हाच होता. एक सेंटिमीटर माती तयार होण्यास शतके लागू शकतात; ती वाहून जाण्यास काही पावसाळे पुरतात.

धरणांमुळे संचयनाची जागा बदलली. समुद्राकडे जाणारा गाळ जलाशयांत अडकू लागला. पोलावरम येथील मोजणीनुसार गोदावरीचा तरंगता गाळ १९७१–७९ या काळात वर्षाला सरासरी सुमारे १५ कोटी टन होता. १९९०–९८ या काळात तो ६ कोटी टनांहूनही कमी झाला. त्याच सुमारास गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा अनेक ठिकाणी मागे हटल्याचे अभ्यासकांनी नोंदवले. महाराष्ट्रातील शेतातून निघालेली माती महाराष्ट्राच्याच धरणात अडकते, धरणाची साठवणक्षमता घटते आणि दूर आंध्र प्रदेशातील किनारा उपाशी राहतो. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हे मात्र वेगळे उदाहरण. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळावर पाणथळ परिसर विकसित झाला आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून घोषित झाले.

वाळूउपसा हा या ताळेबंदातील आणखी एक मोठा खर्च आहे. बेसाल्ट प्रदेशात वाळूची नैसर्गिक निर्मिती मुळातच मर्यादित असते. पात्रातील वाळू पुराचे पाणी मुरवते, काठांना आधार देते. ती उपसली की पात्र खोल जाते, काठ ढासळतात आणि शेजारच्या विहिरींची पातळी खालावते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातील गौण खनिज उत्खननासही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक असल्याचे स्पष्ट केले, ते याच पार्श्वभूमीवर.

महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना भूरूपशास्त्रीय दृष्टीने उद्बोधक आहे. जलाशयात साचलेला गाळ उचलून तो पुन्हा हलक्या जमिनींवर पसरवणे, म्हणजे झिजेने नेलेली माती मानवी श्रमाने परत आणणे होय. तिची उपयुक्तता स्पष्ट आहे. परंतु वरच्या पाणलोटातील झीज रोखली नाही तर जलाशय पुन्हा भरणार आणि हाच खर्च वारंवार करावा लागणार, ही तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) दख्खनच्या भूरूपांतील विविधता मूळ खडकाच्या थरांतील फरक आणि पर्जन्याचे असमान वितरण यांच्या संयोगातून निर्माण झाली आहे.

२) विदारण आणि वहन यांच्या परस्पर वेगांवरून उतार उघडा राहणार की मातीने झाकला जाणार हे ठरते. जाड विदारित थर शेतीस व भूजलास उपकारक असतो. तोच तीव्र उतारावर व अतिवृष्टीत धोक्याचा ठरतो.

३) जांभ्याच्या उदाहरणावरून विदारण नेहमी झिजेस साहाय्यक असते हा समज अपुरा ठरतो.

४) माती, वाळू व गाळ हे स्वतंत्र प्रशासकीय विषय मानले जात असले तरी निसर्गतः ते एकाच प्रवाहाचे टप्पे आहेत. वरच्या भागातील निर्णयाचा परिणाम खालच्या खोऱ्यावर व किनाऱ्यावर होतो.

५) अध्यापनात या प्रक्रिया एका नदीखोऱ्याच्या चौकटीत एकत्रितपणे मांडल्यास त्यांचे आकलन अधिक वास्तव होईल. महाविद्यालयाच्या परिसरातील एखादी विहीर, रस्त्याचा कापलेला भाग, ओढ्याचे पात्र आणि जवळचा पाझर तलाव एवढी साधने त्यासाठी पुरेशी आहेत. या चार ठिकाणी अनुक्रमे विदारणाची खोली, थरांची रचना, वहनाची साधने आणि संचयनाचे प्रमाण विद्यार्थ्यांना स्वतः मोजता येते. भूगोल, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, इतिहास व अर्थशास्त्र या विभागांनी मिळून असा अभ्यास हाती घेतल्यास आपल्या तालुक्यातील मातीचा जमाखर्च प्रथमच कागदावर येऊ शकेल.